टकरीतून आडव्या उडालेल्या कणांचा आलेख असा का वाकतो?

हप्तेबाज
नमस्कार मंडळी. मी पुण्यात विमा कंपनीत अ‍ॅक्च्युअरी आहे. फिजिक्सशी संबंध बी.एस्सी.नंतर सुटला. सध्या हौस म्हणून लॅपटॉपवर 'पिथिया' चालवतोय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हा प्रोटॉन-प्रोटॉनच्या टकरी कॉम्प्युटरवर घडवणारा प्रोग्रॅम आहे, स्वीडनमधल्या लुंडचा, फुकट मिळतो. एलएचसीच्या (जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतलं प्रोटॉन आदळवणारं यंत्र) ७ टीईव्ही ऊर्जेवर लाखभर टकरी घडवल्या. (टीईव्ही, जीईव्ही, एमईव्ही ही ऊर्जेची एककं, प्रत्येक पुढचं आधीच्याच्या हजारावा भाग; संवेगही त्यातच मोजतात.) बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्युतभारित कणाचा ट्रान्सव्हर्स मोमेंटम (पुढे नुसतं पीटी), म्हणजे बीमच्या काटकोनातला संवेग, घेतला आणि हिस्टोग्राम काढला.

आलेख शून्यातून सुरू होतो, ०.२-०.३ जीईव्हीच्या आसपास शिगेला जातो आणि मग कोसळतो. उभा अक्ष लॉगमध्ये टाकला की पहिले एक-दोन जीईव्ही जवळपास सरळ उतरती रेष दिसते, म्हणजे एक्स्पोनेन्शियल. त्यापुढे रेष वर उचलली जाते आणि लांबच लांब शेपटी सुरू होते. आमच्या धंद्यात शेपटी दिसली की पोटात गोळा येतो, कारण विमा कंपन्या शेपटीतच बुडतात.

तर उंचवटा कशाने, सरळ रेष कशाने आणि शेपटी कशाने? आणि मुळात सगळे पीटीच का मोजतात, अख्खा संवेग का नाही?

बटाटेवडा_बोसॉन
पीटी म्हटल्यावर शाळेचं मैदान, सरांची शिट्टी आणि 'एक साथ सावधान' आठवलं. आल्यापावली परत चाललोय.

वाईचे_मास्तर
थांबा हो, जाऊ नका. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तो सर्वांत सोपा.

प्रोटॉन ही टणक गोळी नव्हे. आत क्वार्क आणि ग्लुऑन असतात, आणि धडकणाऱ्या घटकाकडे प्रोटॉनच्या संवेगाचा किती वाटा आहे हे त्या-त्या टकरीत आधी कळत नाही. एकाकडे मोठा वाटा आणि दुसऱ्याकडे छोटा असला की सगळा पसारा बीमच्या एका दिशेला वाहत जातो. उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर धडकल्या असं समजा. रस्त्यावर पुढे-मागे पडलेल्या उसावरून ट्रॉल्यांचा वेग कळेल. बाजूच्या शेतात जाऊन पडलेला ऊस मात्र धडकेनेच तिथे गेला, कारण धडकेआधी बाजूला कुणीच जात नव्हतं.

दुसरं म्हणजे बीमच्या दिशेने तुम्ही कितीही वेगाने धावत पाहिलंत तरी पीटी बदलत नाही. आणि आडव्या दिशेची बेरीज आधी शून्य, म्हणून नंतरही शून्य. ती शून्य भरली नाही तर काहीतरी न दिसता निसटलं. १९८३ मध्ये सर्नला डब्ल्यू बोसॉन हा जड कण याच खुणेवरून सापडला: एका बाजूला मोठ्या पीटीचा इलेक्ट्रॉन आणि समोर काहीच नाही.

मांडवीकार
मास्तर, उसाचं पटलं. पण ट्रॉली उलटली की गावातली पोरं ऊस पळवतात, तो हिशेब कुठे धरायचा?

वाईचे_मास्तर
तोच न्यूट्रिनो, डिटेक्टरला न दिसता निसटणारा कण.

बटाटेवडा_बोसॉन
=)) =)) बरं, बसतो. चहा सांगा.

जुराच्या_पायथ्याशी
मास्तरांच्या उत्तराला एक व्यावहारिक जोड देते (मी एलएचसीवरच्या अ‍ॅलिस प्रयोगात काम करते, जिनिव्हाजवळच राहते). डिटेक्टरमधलं चुंबकीय क्षेत्र बीमच्या दिशेने असतं, त्यामुळे कणाची वाट वाकते ती फक्त आडव्या प्रतलात. वर्तुळाची त्रिज्या मोजली की पीटी हातात येतो: मीटरमधली त्रिज्या गुणिले टेस्लामधलं क्षेत्र गुणिले ०.३, उत्तर जीईव्हीत. एलएचसीवरच्याच सीएमएस प्रयोगाचं क्षेत्र ३.८ टेस्ला, म्हणून १ जीईव्हीचा कण ८८ सेंटिमीटर त्रिज्येने वळतो. आमच्याकडे ०.५ टेस्ला, तोच कण पावणेसात मीटर त्रिज्येने. म्हणून अगदी हळू कण बघायला अ‍ॅलिस बरं. सीएमएसमध्ये ते ट्रॅकरच्या आतच गरगर फिरत राहतात.

खवट_खोबरं
सगळं छान. पण धागाकर्त्याने विचारलं ते 'सरळ रेष कशाने' आणि 'शेपटी कशाने'. त्यावर अजून अक्षर नाही.

जुराच्या_पायथ्याशी
लिहीतच होते, खोबरेसाहेब. लांबलंय, सांभाळून घ्या.

सरळ रेषेची गोष्ट कोलायडरच्या, म्हणजे समोरासमोर कण आदळवणाऱ्या यंत्रांच्या, आधीची आहे. १९५० च्या दशकात फुग्यांना फोटोग्राफिक इमल्शन बांधून ते वर सोडायचे आणि कॉस्मिक किरणांच्या टकरी त्यात उमटायच्या. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआर संस्थेत बर्नार्ड पीटर्स हे काम करत होते. मायक्रोस्कोपखाली एकेक रेघ मोजणाऱ्या जगभरच्या लोकांना एक चमत्कारिक गोष्ट दिसत होती: येणाऱ्या कणाची ऊर्जा कितीही वाढो, टकरीतून निघणाऱ्यांचा सरासरी पीटी ०.३-०.४ जीईव्हीच्या आसपासच राहायचा. जास्तीची ऊर्जा नवे कण बनवण्यात आणि पुढे धावण्यात खर्च व्हायची, आडवी फारशी जायची नाही. याचा एक अंदाज अनिश्चिततेच्या तत्त्वातून येतो. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेमटोमीटर. एवढ्या जागेत कोंडलेल्या गोष्टीला साधारण ०.२३ जीईव्ही संवेग असणारच.

१९६५ मध्ये सर्नच्या रोल्फ हॅगेडॉर्नने याला तापमानाची भाषा दिली. ऊर्जा ओतत गेलात तर नवनवे जड कण तयार होत राहतात आणि तापमान १६० एमईव्हीच्या आसपास अडकतं. केल्विनमध्ये हे १.८६ लाख कोटी. मग पीटीचा आलेख उणे ६ पीटीच्या एक्स्पोनेन्शियलने उतरायला हवा, आणि तो तसाच उतरत होता. ६ चा व्यस्त घ्या, १६७ एमईव्ही येतो. सगळं इतकं जुळत होतं की बहुतेकांच्या लेखी विषय संपला होता.

मग १९७१ मध्ये सर्नला आयएसआर सुरू झालं, प्रोटॉनवर प्रोटॉन आदळणारं पहिलं कोलायडर. एकेका बीमची ऊर्जा ३१ जीईव्हीपर्यंत. तिथल्या तीन गटांनी डिटेक्टर काटकोनात लावले आणि १९७२-७३ मध्ये कळलं की ३ जीईव्हीच्या पुढे अपेक्षेपेक्षा कित्येक पटींनी जास्त कण येताहेत. एक्स्पोनेन्शियल खरं असतं तर ५ जीईव्हीला सुरुवातीच्या तुलनेत दहा लाख कोटींत एक कणही धड मिळाला नसता. प्रत्यक्षात उतार पीटीच्या उणे आठव्या घाताने होता. म्हणजे प्रोटॉनच्या आत काहीतरी बारीक, कडक आहे आणि ते एकमेकांवर सरळ आपटून काटकोनात फेकलं जातंय. १९०९ मध्ये गायगर-मार्सडेनच्या सोन्याच्या पत्र्यावरून अल्फा कण मागे उडाले होते, तोच धडा पुन्हा.

तिरपी_नजर
जबरदस्त प्रतिसाद, जुराताई. वाचनखूण साठवली. एक शंका: आठच का? बिंदुवत कण एकमेकांवर आपटले तर मितींच्या हिशेबाने चौथा घात यायला हवा ना?

जुराच्या_पायथ्याशी
बरोब्बर पकडलंत. बर्मन, ब्योर्केन आणि कोगट यांनी १९७१ मध्येच, म्हणजे मोजमापाआधी, चारचाच हिशेब मांडला होता. आठ आल्यावर भलतीच गडबड उडाली. क्वार्क क्वार्कवर न आपटता मेसॉनवर (क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोडीवर) आपटतो अशी एक मांडणी निघाली, तिच्यातून आठ नीट यायचा. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याच आयएसआरवर आणखी मोठ्या पीटीपर्यंत मोजलं तेव्हा घात पाचच्या जवळ आला. आता एलएचसीवरही त्याच प्रकारच्या तुलनेत पाचच्या आतबाहेर. चार आणि पाच यांच्यातला फरक क्यूसीडीचा, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनमधल्या बलाच्या सिद्धांताचा: जोडणीचा जोर ऊर्जेनुसार बदलतो, आणि प्रोटॉनमधल्या वाट्यांची विभागणीही बदलते. लहान पीटीवरच्या आठमध्ये घटकांची आतली आडवी हालचाल मिसळलेली होती.

अवांतर: या शेपटीने आयएसआरचं नुकसानही केलं. मोठ्या पीटीचे पायॉन (सर्वांत हलके मेसॉन) इतके अनपेक्षितपणे बरसू लागले की इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या एका गटाला ट्रिगरची, म्हणजे कुठली टक्कर नोंदवायची हे ठरवणाऱ्या चाळणीची, मर्यादा वर न्यावी लागली. जे/साय कण त्या मर्यादेच्या खाली राहिला. नोव्हेंबर १९७४ मध्ये तो ब्रुकहेवन आणि स्टॅनफर्डला सापडला, १९७६ मध्ये नोबेलही तिकडेच गेलं.

मांडवीकार
अरे देवा. एक शोध लावायच्या नादात दुसरा हातचा गेला.

बटाटेवडा_बोसॉन
सरकारी टेंडरसारखं. पात्रतेची अट इतकी वर नेली की योग्य उमेदवारच बाद.

हप्तेबाज
जुराताई, मास्तर, मनापासून आभार. आता माझ्या अंगणातलं काही सांगू का?

समजा प्रत्येक पॉलिसीधारकाच्या क्लेमची रक्कम एक्स्पोनेन्शियल आहे, पण प्रत्येकाचा दर वेगळा, आणि ते दर गॅमा वितरणाने पसरलेले आहेत. सगळ्यांची मोट बांधली की एकूण वितरण एक्स्पोनेन्शियल राहत नाही. ते लोमॅक्स होतं, म्हणजे शून्यापासून सुरू होणारं पॅरेटो: (१ + क्ष/क) चा उणे न वा घात. सुरुवातीला सरळ रेष, पुढे घाताची शेपटी. माझा आलेख हुबेहूब तसा दिसतो! मग वेगवेगळ्या टकरींचं 'तापमान' वेगवेगळं आहे, एवढंच म्हणून शेपटी सुटते की. क्वार्क आपटवायची गरजच काय?

तिरपी_नजर
अहो, हा तर त्सालिस! हॅगेडॉर्नने स्वतः १९८३ मध्ये तुमचंच सूत्र वापरलं. १९८८ मध्ये कॉन्स्टँटिनो त्सालिसने एन्ट्रॉपीची नवी व्याख्या मांडली, तिच्यातूनही हेच रूप निघतं. त्यात 'क्यू' नावाचा आकडा असतो, तो १ झाला की नेहमीचं एक्स्पोनेन्शियल. आणि २००० साली पोलंडच्या विल्क आणि व्वोदार्चिक यांनी दाखवलं की क्यूचा अर्थ तापमानाच्या चढउतारांतून लावता येतो, अगदी तुमच्या गॅमासारखाच. सीएमएसने २०१० मध्ये ७ टीईव्हीचा पहिला आलेख याच सूत्राने बसवला: तापमान १४५ एमईव्ही, घात (तुमचा 'न') ६.६. म्हणजे क्यू साधारण १.१५.

खवट_खोबरं
इथे मी आडवा येणार. सूत्र बसतं हे मान्य. पण त्याच सीएमएस पेपरात मधल्या भागात स्यूडोरॅपिडिटीच्या (बीमशी होणाऱ्या कोनाचं एक माप) दर एककामागे सरासरी ५.७८ भारित कण आहेत. पाच-सहा कणांचं तापमान? एका रिक्षात मावतील एवढे प्रवासी आणि त्यांचा थर्मोडायनॅमिक्स! तीन मोकळे आकडे दिले की गुळगुळीत उतरता आलेख कशानेही बसतो. मी त्सालिसवर पेपरांचे ढीग पाहिलेत: नवी ऊर्जा, नवा फिट, नवा क्यू, छापा. त्यातून एकही अशी गोष्ट निघत नाही जी चुकली तर सिद्धांत पडेल.

तिरपी_नजर
खोबरेराव, जरा अन्याय होतोय. आलेख कितीतरी वेळा दसपटीने घसरतो तरी एकाच सूत्रात बसतो, आणि तेही इतक्या थोड्या आकड्यांत, हे काही अगदीच फुकट नाही. प्रयोगवाल्यांना तर ते लागतंच. ०.१५ जीईव्हीच्या खाली कण मोजता येत नाहीत, तिथला हिस्सा याच सूत्राने शून्यापर्यंत ओढून काढतात.

खवट_खोबरं
ओढायला पट्टी म्हणून वापरा की, ना कुठे आहे. पट्टीला सिद्धांत म्हणू नका.

जुराच्या_पायथ्याशी
दोघांच्या मधे पडते. हप्तेबाज, 'क्वार्क आपटवायची गरजच काय' याला आलेखाच्या बाहेरून उत्तर आहे. शेपटीतला एखादा कण उचला, समजा १० जीईव्हीचा, आणि त्याच टकरीतले बाकीचे कण बघा. त्याच्या शेजारी आणखी जोरदार कणांचा झुबका असतो, आणि बरोबर पाठीमागे, १८० अंशांवर, दुसरा झुबका. अशा झुबक्याला जेट म्हणतात, आणि या जेटच्या जोड्या. नुसतं चढउतार करणारं तापमान असे समोरासमोर झुबके देत नाही. तुमचं लोमॅक्स फक्त एका कणाचं वितरण बघतं, जोड्यांचं नाही.

हप्तेबाज
म्हणजे मार्जिनल जुळलं, जॉइंट जुळलं नाही. आता कळलं. आमच्याकडेही पुरात एकाच गल्लीतले सगळे क्लेम एकदम येतात तेव्हा हेच होतं.

वाईचे_मास्तर
शेपटीबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. अमेरिकेत फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉनवर सीडीएफ नावाचा प्रयोग होता. २००९ मध्ये त्यांनी १५० जीईव्हीपर्यंतचा भारित कणांचा आलेख छापला. टोकाला क्यूसीडीच्या हिशेबापेक्षा जवळपास हजारपट कण! नवं भौतिकशास्त्र सापडलं की काय? सिद्धांतवाल्या काही गटांनी साधा प्रश्न विचारला: हे कण जेटमधूनच यायला हवेत, मग कणांची संख्या जेटच्या मोजलेल्या संख्येच्याही वर कशी? २०१० मध्ये सीडीएफने दुरुस्ती छापली आणि ती शेपटी खाली आली.

यातलं कारण शिकण्यासारखं आहे. १०० जीईव्हीच्या कणाची वाट जवळपास सरळ असते, वाक अगदी किंचित. साध्या ५ जीईव्हीच्या कणाची वाट क्वचित कधी चुकून सरळ जोडली गेली, तर तो थेट मोठ्या पीटीच्या खणात जाऊन बसतो. आणि ५ जीईव्हीचे कण इतके प्रचंड आहेत की त्यातला कणभर हिस्सा घसरला तरी शेपटी भरून जाते.

हप्तेबाज
मास्तर, ही गोष्ट उद्या ऑफिसात सांगणार. डेटा एंट्रीत एक शून्य जास्त पडलं की आमची शेपटीही अशीच लठ्ठ होते.

आंबोलीची_सर
मी गुपचूप वाचणारी. सगळं कळलं असं नाही, पण मजा येतेय. एक भाबडा प्रश्न: या आलेखाचा उपयोग काय? म्हणजे तो माहीत झाल्यावर पुढे काय करतात?

जुराच्या_पायथ्याशी
प्रश्न मुळीच भाबडा नाही, ताई. माझी नोकरी त्यावरच चालते. :)

प्रोटॉनऐवजी शिशाची अणुकेंद्रकं आदळली की क्षणभर क्वार्क-ग्लुऑनचा तापलेला द्रव तयार होतो. तो हातात धरता येत नाही. मग प्रोटॉन टकरीतला पीटीचा आलेख घ्यायचा, शिशात अशा जितक्या टकरी एकदम होतात तितक्या पटीने वाढवायचा आणि प्रत्यक्षाशी ताडून बघायचा. न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवनला सोन्याच्या टकरींत मोठ्या पीटीचे कण पाचपटीने कमी निघाले. एलएचसीवर शिशात ६-७ जीईव्हीला सातपटीने कमी. जोरदार कण द्रवातून जाताना ऊर्जा गमावतात. ही कल्पना ब्योर्केनने १९८२ मध्येच मांडली होती.

शंका अशी होती की सोन्याच्या केंद्रकातच मुळात असे कण कमी घडत असतील. म्हणून २००३ मध्ये ड्यूटेरॉन सोन्यावर आदळवून बघितलं, तिथे द्रव होत नाही. घट नाहीशी झाली. पुढे फोटॉनही मोजले, त्यांना या द्रवाशी देणंघेणं नाही, ते पूर्ण संख्येने बाहेर आले. मला विचाराल तर या विषयातली सर्वांत देखणी उलटतपासणी हीच.

तिरपी_नजर
आणि डब्ल्यूचं वस्तुमान! त्याच्या इलेक्ट्रॉनच्या पीटीचा आलेख ४० जीईव्हीला, म्हणजे डब्ल्यूच्या निम्म्या वस्तुमानाला, शिखर गाठून कोसळतो. त्या कड्याची जागा बारकाईने ठरवायची तर डब्ल्यूचा स्वतःचा पीटी कसा पसरलाय हे आधी नीट माहीत हवं. २०२२ मध्ये सीडीएफने ८०,४३३.५ एमईव्ही सांगितलं आणि खळबळ माजली. २०२४ मध्ये सीएमएसने ८०,३६०.२ सांगितलं, अपेक्षेला धरून. भांडण ७३ एमईव्हीचं आहे, दर हजारी एकाहून कमी.

बटाटेवडा_बोसॉन
एवढ्या फरकासाठी इतकी वर्षं? आमच्याकडे एवढं तर भाजीवाली वरून कोथिंबीर म्हणून टाकते.

खवट_खोबरं
विषयांतर पुरे. उंचवटा राहिलाय. धागाकर्त्याचा पहिलाच प्रश्न होता तो.

वाईचे_मास्तर
खरंच की. त्यात भौतिकशास्त्र कमी आणि भूमिती जास्त. पीटी ही दोन दिशांतली लांबी. शून्य पीटी म्हणजे आडव्या प्रतलातला एक बिंदू, आणि बिंदूला क्षेत्रफळ नाही. ०.१ जीईव्हीच्या गोल पट्टीपेक्षा तेवढ्याच रुंदीच्या ०.२ च्या पट्टीचं क्षेत्रफळ दुप्पट. म्हणून सुरुवातीला संख्या वाढते, मग एक्स्पोनेन्शियल जिंकतं. प्रत्येक खणातली संख्या पीटीने भागा, खणाच्या रुंदीनेही भागा, आणि मग बघा.

हप्तेबाज
अर्थात! दोन नॉर्मल घटकांच्या लांबीचं वितरण रेले होतं, तेही शून्यातूनच सुरू होतं. भागून बघितलं, उंचवटा गेला. आता पायॉन, त्याहून जड केऑन आणि सर्वांत जड प्रोटॉन वेगळे काढले. प्रोटॉनची रेष पायॉनपेक्षा बरीच सपाट उतरते. आणि आणखी एक: ज्या टकरीत जास्त कण निघतात त्यात सरासरी पीटीही जास्त येतो. मला उलट वाटलं होतं. तीच ऊर्जा जास्त जणांत वाटली तर वाट्याला कमी यायला हवी ना?

जुराच्या_पायथ्याशी
हे सर्नच्या यूए१ प्रयोगाने १९८२ मध्येच पाहिलं होतं, आणि भांडण अजून चालू आहे. पिथियात 'कलर रिकनेक्शन' नावाचा पर्याय आहे. एका टकरीत अनेक क्वार्कजोड्या आपटल्या की त्यांच्यातल्या रंगांच्या ('रंग' हा क्वार्कचा विद्युतभारासारखा गुण) दोऱ्या आपापसात नव्याने जुळवायच्या आणि आखूड करायच्या. दोरी आखूड झाली की नवे कण कमी बनतात आणि असलेल्यांच्या वाट्याला जास्त पीटी येतो. तो पर्याय बंद करून चालवा.

हप्तेबाज
रात्री लावून ठेवलं होतं. बंद केल्यावर रेष जवळजवळ आडवी झाली, सुरुवातीचा छोटा चढ सोडला तर. म्हणजे चढ सगळा त्या एका बटणातून येतो?

जुराच्या_पायथ्याशी
पिथियात, हो. पण शिशाच्या टकरीत असाच चढ दिसला की आम्ही म्हणतो द्रव फुगतोय, सगळ्यांना एकाच वेगाने बाहेर ढकलतोय, म्हणून जड प्रोटॉनला जास्त पीटी मिळतो. आता प्रोटॉन-प्रोटॉनमधल्या गर्दीच्या टकरींतही शिशासारखी लक्षणं दिसू लागली आहेत. २०१७ मध्ये अ‍ॅलिसने स्ट्रेंज कणांची (ज्यांत 'स्ट्रेंज' जातीचा क्वार्क असतो त्यांची) वाढ तिथे दाखवली. तिथे दोऱ्या की द्रव, यावर आमच्या कँटीनमध्ये रोज वाद होतो.

खवट_खोबरं
पाच-सहा कणांचा द्रव. घ्या.

जुराच्या_पायथ्याशी
पाच-सहा सरासरी, खोबरेसाहेब. गर्दीच्या टकरीत त्याच्या कितीतरी पट असतात. नवा धागा काढा, तिथे भांडू.